छातीची सुटी होणारी प्रतिकृती: फुप्फुसे उत्तम, मधला कप्पा अपुरा

मानवी छातीची प्रत्यक्ष आकाराची, भाग सुटे करता येणारी ही प्लॅस्टिकची प्रतिकृती मी नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवताना नियमितपणे वापरतो. मानेच्या तळापासून श्वासपटलाच्या किंचित खालपर्यंतचा भाग तिच्यात येतो. छातीची पुढची भिंत पूर्ण उचलून बाजूला ठेवता येते, दोन्ही फुप्फुसे बाहेर निघतात, हृदय निघते आणि ते पुन्हा दोन भागांत उघडते. अशी प्रतिकृती विकत घेताना बहुतेक जण रंगकाम, टिकाऊपणा आणि सुट्या भागांची संख्या पाहतात. माझ्या मते तिची खरी कसोटी वेगळी आहे. दोन फुप्फुसांच्या मधला जो कप्पा आहे, ज्याला मीडियास्टिनम म्हणतात, तो ती किती खरेपणाने दाखवते, हे आधी पाहायला हवे. या कसोटीला ही प्रतिकृती अर्धीच उतरते. इतर बहुतेक बाबतींत मात्र ती फार चांगली आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

आधी पिंजऱ्याविषयी. मागे पाठीचे १२ मणके, बाजूंनी बरगड्यांच्या १२ जोड्या आणि समोर उरोस्थी ही मांडणी नेमकी आहे. वरच्या ७ जोड्या आपापल्या कूर्चेने उरोस्थीला थेट मिळतात, आठवी, नववी आणि दहावी जोडी आपल्या वरच्या कूर्चेला जोडली जाते आणि शेवटच्या २ जोड्यांची टोके पुढे मोकळीच राहतात, हे कूर्चांना वेगळा रंग दिल्यामुळे दुरूनही ओळखू येते. मला विशेष समाधान देणारी गोष्ट म्हणजे उरोस्थीवरची आडवी कड. उरोस्थीचा वरचा तुकडा मधल्या लांब तुकड्याला किंचित कोन करून मिळतो आणि त्या सांध्यावर एक उंचवटा तयार होतो, जो कोणालाही स्वतःच्या छातीवर बोट फिरवून सापडतो. दुसऱ्या बरगडीची कूर्चा याच पातळीवर जोडलेली असते. पहिली बरगडी गळपट्टीच्या हाडाखाली दडलेली असल्यामुळे बरगड्यांची मोजणी या उंचवट्यापासून सुरू करायची असते. शिवाय इथून सरळ मागे गेले की चौथ्या आणि पाचव्या वक्षीय मणक्यांमधली चकती येते, आणि मीडियास्टिनमचा वरचा व खालचा भाग वेगळा करणारी कल्पित पातळीही हीच. ज्या प्रतिकृतींमध्ये उरोस्थी एकसंध गुळगुळीत फळीसारखी घडवलेली असते, त्यांच्यावर हा सगळा धडा शिकवता येत नाही. इथे ती कड डोळे मिटूनही बोटाला लागते.

छातीच्या वरच्या तोंडाचा कलही योग्य ठेवला आहे. हे तोंड आडवे नसते. मागे ते पहिल्या वक्षीय मणक्यापाशी असते आणि पुढे उतरत उतरत उरोस्थीच्या वरच्या काठापर्यंत येते, जो साधारण दुसऱ्या व तिसऱ्या मणक्यांच्या पातळीवर असतो. या उतारामुळे फुप्फुसाचे टोक गळपट्टीच्या हाडाच्या आतल्या तिसऱ्या हिश्श्यावर सुमारे २.५ सेंटिमीटर वर, म्हणजे चक्क मानेत डोकावते. मानेच्या तळाशी झालेली जखम किंवा तिथे घातलेली सुई फुप्फुसाला इजा करू शकते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगून पटत नाही. पुढची भिंत जागेवर बसवून हाडाच्या वर आलेले ते टोक दाखवले की लगेच पटते.

पिंजऱ्याच्या बाबतीत माझी एकच तक्रार आहे, पण ती गंभीर आहे. प्रतिकृतीच्या डाव्या अर्ध्यावर स्नायू दाखवले आहेत आणि दोन बरगड्यांच्या मधल्या एका फटीत शीर, धमनी आणि मज्जातंतू रंगवले आहेत. हे तिघे प्रत्यक्षात वरच्या बरगडीच्या खालच्या काठाला असलेल्या खोबणीच्या आश्रयाने, मधल्या आणि सर्वांत आतल्या स्नायुथरांच्या दरम्यान, वरून खाली शीर, धमनी, मज्जातंतू या क्रमाने धावतात. म्हणूनच छातीतले पाणी काढण्यासाठी सुई घालायची तर ती खालच्या बरगडीच्या वरच्या काठाला धरून घालतात. या प्रतिकृतीत मात्र ते फटीच्या बरोबर मध्यावर रंगवले आहेत. ज्या विद्यार्थ्याला पुढे रुग्णाच्या शेजारी उभे राहायचे आहे, त्याच्या मनात चुकीची जागा ठसवणारे हे चित्र आहे आणि उत्पादकाने ते दुरुस्त करायलाच हवे.

फुप्फुसांवर घेतलेले कष्ट पाहून मात्र आनंद होतो. उजव्या फुप्फुसाचे २ भेगांनी पडलेले ३ खंड, डाव्याचे १ भेगेने पडलेले २ खंड, डाव्याच्या पुढच्या काठावर हृदयासाठी पडलेली खाच आणि तिच्याखालची जिभेसारखी पट्टी हे सर्व आहेच. पण खरे काम आतल्या बाजूला आहे. फुप्फुसाच्या मुळाशी शिरणाऱ्या नळ्यांचा क्रम दोन्हीकडे वेगवेगळा असतो. उजवीकडे फुप्फुस धमनी श्वासनलिकेच्या शाखेच्या पुढे असते, तर डावीकडे ती शाखेच्या वर असते. हा फरक इथे पाळलेला आहे. एकच मूळ आरशात उलटे करून दोन्हीकडे चिकटवण्याचा सोपा मार्ग घेतलेला नाही. रंगही अचूक आहेत. अशुद्ध रक्त नेणारी फुप्फुस धमनी निळी आणि शुद्ध रक्त आणणाऱ्या फुप्फुस शिरा लाल आहेत, त्यामुळे धमनी म्हणजे लाल हा शाळेपासून चालत आलेला समज तिथेच दूर होतो. श्वासनलिकेची उजवी मुख्य शाखा अधिक रुंद, अधिक उभी आणि सुमारे २.५ सेंटिमीटर लांबीची, तर डावी अरुंद, तिरकी आणि जवळपास दुप्पट लांबीची असते. गिळताना चुकून श्वासनलिकेत गेलेला शेंगदाणा किंवा मणी बहुधा उजवीकडेच का सापडतो, हे समजावायला या प्रतिकृतीतल्या दोन शाखा पुरेशा आहेत.

फुप्फुसाच्या आतल्या पृष्ठभागावर शेजारच्या अवयवांचे ठसेही कोरले आहेत, जसे जतन केलेल्या खऱ्या फुप्फुसावर दिसतात. डाव्या फुप्फुसावर महाधमनीच्या कमानीची आणि तिथून खाली उतरणाऱ्या महाधमनीची रुंद खोबण आहे. उजव्या फुप्फुसावर मुळाच्या वरून वळसा घेणारी एक बारीक खोबण आहे, जी अझायगस शिरेची, म्हणजे छातीच्या भिंतीतले रक्त वर नेणाऱ्या शिरेची आहे. इतका बारकावा पाहून मधल्या भागाविषयीच्या अपेक्षा साहजिकच वाढतात. फुप्फुसावरचे दुपदरी आवरण मात्र दाखवलेले नाही. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यात, विशेषतः खालच्या काठाशी, आवरणाची जी मोकळी घडी राहते ती शांत श्वासात फुप्फुसाने भरत नाही. बगलेच्या मध्यरेषेवर फुप्फुसाचा खालचा काठ आठव्या बरगडीपाशी तर आवरणाचा दहाव्या बरगडीपाशी असतो. साचलेले पाणी आधी इथे उतरते. निदान भिंतीच्या आतल्या बाजूला एक रेघ ओढली असती तरी हे सांगता आले असते.

आता मधल्या कप्प्याकडे येतो. दोन्ही बाजूंना फुप्फुसांच्या आवरणांच्या पिशव्या, पुढे उरोस्थी, मागे मणके, वर छातीचे तोंड आणि खाली श्वासपटल अशा सीमांमधला हा सगळा प्रदेश म्हणजे मीडियास्टिनम. उरोस्थीच्या त्या कडेपासून मागे नेलेल्या पातळीच्या वर त्याचा वरचा भाग, आणि खालच्या भागाचे हृदयाच्या पिशवीच्या संदर्भाने पुन्हा तीन हिस्से होतात: पिशवीच्या पुढे अरुंद पुढचा, पिशवी आणि हृदय सामावणारा मधला, आणि पिशवी व मणके यांच्यातला मागचा. ही केवळ परीक्षेत लिहायची विभागणी नाही. छातीच्या मध्यभागी गाठ आढळली की ती कोणत्या हिश्श्यात आहे यावरूनच ती कशाची असू शकेल याचा विचार सुरू होतो. पुढच्या हिश्श्यातली असेल तर थायमस ग्रंथी, मागच्या हिश्श्यातली असेल तर मज्जातंतूंपासून उद्भवणाऱ्या गाठी आधी डोळ्यांपुढे येतात. म्हणून या कप्प्यात कोण कोणाच्या पुढे, कोण कोणाच्या मागे आणि कोण कोणाला खेटून आहे, हेच शिकण्याचे मुख्य काम असते. अवयवाचा सुटा आकार पुस्तकातही कळतो. शेजार कळण्यासाठीच तर प्रतिकृती घ्यायची.

या दृष्टीने प्रतिकृतीचा वरचा भाग बऱ्यापैकी साधला आहे. महाधमनीची कमान उजवीकडून पुढून निघून डावीकडे मागे जाते, म्हणजे ती आडवी नसून जवळजवळ पुढून मागे जाणारी असते, हे इथे स्पष्ट दिसते. तिच्यापासून निघणाऱ्या तीन मोठ्या शाखा योग्य क्रमाने आहेत. त्यांच्या पुढून तिरकी खाली उतरत उजव्या शिरेला मिळणारी डोक्याकडची आणि हाताकडची लांब डावी शीर आहे आणि दोघींच्या संगमातून ऊर्ध्व महाशिरा बनलेली आहे. मागे श्वासनलिका, तिच्या मागे अन्ननलिका. श्वासनलिकेची कूर्चावलये मागच्या बाजूला अपुरी असतात, आणि घास उतरताना फुगणाऱ्या अन्ननलिकेला त्या मऊ भिंतीमुळे जागा मिळते. ही मऊ भिंत वेगळ्या पोताने घडवली आहे. थायमस ग्रंथी मात्र पूर्ण गाळली आहे. प्रौढांमध्ये तिची बरीचशी जागा चरबीने घेतलेली असते हे खरे, पण लहान मुलाच्या छातीच्या क्ष-किरण चित्रात ती ठळक दिसते आणि ज्याला ती ठाऊकच नाही तो त्या सावलीला आजार समजू शकतो.

खरी निराशा हृदय बाहेर काढल्यावर होते. हृदयाच्या मागे जो मागचा हिस्सा उघडा पडायला हवा, तिथे मणक्यांना चिकटवलेली एक लाल नळी आणि तिच्या शेजारी सरळ खाली गेलेली एक फिकट नळी, एवढेच आहे. लाल नळी म्हणजे उतरती महाधमनी आणि फिकट नळी म्हणजे अन्ननलिका. दोघी शेवटपर्यंत समांतर चालतात. प्रत्यक्षात अन्ननलिका वर महाधमनीच्या उजवीकडे असते आणि खाली येताना तिच्या पुढून डावीकडे सरकते. दहाव्या मणक्याच्या पातळीवर ती श्वासपटलातून पार होते, तर महाधमनी मणक्यांना धरून बाराव्याच्या पातळीवर श्वासपटलाच्या मागून खाली जाते. अधोमहाशिरेचे छिद्र त्यांच्याही वर, आठव्याच्या पातळीवर असते. या प्रतिकृतीच्या श्वासपटलात तिन्ही छिद्रे एकाच उंचीवर पाडलेली आहेत.

अझायगस शीर तर रंगानेही दाखवलेली नाही. मणक्यांच्या उजव्या बाजूने वर चढून, उजव्या फुप्फुसाच्या मुळावरून पुढे वळसा घालून ऊर्ध्व महाशिरेला मागून मिळणारी ही शीर आहे. ऊर्ध्व महाशिरा या संगमाच्या वर दबली गेली तर रक्त छातीच्या भिंतीतल्या शिरांमधून अझायगसकडे वळून हृदयापर्यंत पोहोचू शकते. संगमाच्या खाली दबली तर ती वाटही बंद होते आणि रक्ताला पोटाकडून अधोमहाशिरेचा लांबचा मार्ग घ्यावा लागतो. हा फरक समजावण्यासाठी अझायगस हवीच. आणि मी वर सांगितलेली उजव्या फुप्फुसावरची ती बारीक खोबण इथे अडचणीची ठरते, कारण फुप्फुस जागेवर बसवले की त्या खोबणीसमोर काहीच नसते. ज्या कारागिराने फुप्फुस घडवले त्याला शीर माहीत होती. ज्याने मधला भाग घडवला त्याने ती सोडून दिली.

मज्जातंतूंचेही तसेच झाले आहे. श्वासपटलाला चालना देणारा फ्रेनिक मज्जातंतू दोन्ही बाजूंना फुप्फुसाच्या मुळाच्या पुढून उतरतो आणि मेंदूपासून छाती-पोटाकडे जाणारा व्हेगस मज्जातंतू मागून जातो. या दोघांपैकी एकही इथे नाही. डाव्या व्हेगसपासून निघणारी स्वरयंत्राची परतीची शाखा महाधमनीच्या कमानीखालून वळून पुन्हा मानेत चढते, तर उजवी शाखा त्याच्या बरीच वर, उजव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीखालूनच परत फिरते. त्यामुळे कमानीपाशी रक्तवाहिनी फुगली किंवा तिथल्या लसीका (लिम्फ) ग्रंथी वाढल्या तर रुग्णाचा आवाज घोगरा होतो, जरी त्याच्या घशात काहीही बिघाड नसला तरी. छातीतला आजार आवाजातून कसा बोलतो, हे पाहताना विद्यार्थी हमखास प्रश्न विचारू लागतात, आणि शेजार शिकण्याचे महत्त्व त्यांना याहून चांगले दुसऱ्या कशातून कळत नाही. ते दाखवण्यासाठी एका बारीक तारेची गरज होती.

लसीकेची मुख्य वाहिनीही गाळली आहे. पोटातून बाराव्या मणक्याच्या पातळीवर महाधमनीच्या बरोबर छातीत येऊन, महाधमनी आणि अझायगस यांच्या मधून उजव्या बाजूने चढत, पाचव्या मणक्याच्या आसपास डावीकडे ओलांडून ती मानेच्या तळाशी डाव्या शिरांच्या संगमात उघडते. खरी वाहिनी इतकी नाजूक असते की मृतदेहाच्या विच्छेदनातही ती सहज हाती लागत नाही. प्रतिकृतीचा उपयोग तर अशाच ठिकाणी सर्वांत जास्त असतो.

हृदयाकडे पाहिले तर आतले काम सुबक आहे. झडपा, त्यांना धरून ठेवणारे दोर, डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) जाड भिंत, सर्व काही योग्य प्रमाणात आहे. छातीच्या पुढच्या भिंतीकडे प्रामुख्याने उजवी जवनिका येते आणि डावे अलिंद (वरचा कप्पा) सर्वांत मागे असते, हेही बरोबर आहे. हे मागचे डावे अलिंद अन्ननलिकेला जवळजवळ टेकलेले असते, मध्ये हृदयावरणाचा पडदा काय तो. अन्ननलिकेतून सोडलेल्या तपासणीच्या नळीने हृदयाचे इतके स्पष्ट चित्र मिळते ते या शेजारामुळे, आणि अलिंद फुगले तर ते अन्ननलिकेला मागे ढकलते तेही यामुळेच. या प्रतिकृतीत दोघांमध्ये बोटभर पोकळी सोडली आहे, बहुधा हृदय सहज काढता-घालता यावे म्हणून. सोयीसाठी केलेली ही तडजोड मला समजते, पण मान्य होत नाही. हृदयावरणाची पिशवीही नाही, त्यामुळे तिचा बाहेरचा चिवट थर श्वासपटलाच्या मधल्या कण्डरेशी जुळलेला असतो आणि म्हणून प्रत्येक खोल श्वासाबरोबर हृदय खाली ओढले जाते, हे हातांनीच हवेत दाखवावे लागते.

एक मर्यादा अशी आहे की जिच्यासाठी उत्पादकाला दोष देता येणार नाही, पण शिक्षकाने ती सांगितलीच पाहिजे. प्रतिकृती टेबलावर उभी असते, आणि तिच्यातल्या अवयवांच्या उंच्या मात्र आडव्या देहाच्या आहेत. माणूस पाठीवर झोपलेला असताना महाधमनीची कमान उरोस्थीच्या कडेच्या पातळीच्या वर असते आणि श्वासनलिकेचा दुभाग त्या पातळीवर येतो. माणूस उभा राहिला की गुरुत्वाकर्षणाने सगळा मऊ ऐवज खाली उतरतो; कमान त्या पातळीवर येते आणि दुभाग तिच्या खाली जातो. शरीररचनेची पुस्तके पिढ्यानपिढ्या आडव्या मृतदेहांवरून लिहिली गेली, आणि प्रतिकृती त्या पुस्तकांवरून घडल्या. उभ्या रुग्णाचे क्ष-किरण चित्र पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते.

साहित्याविषयी थोडक्यात. प्लॅस्टिक जड आणि भक्कम आहे, रंग ओल्या फडक्याने पुसले तरी टिकून आहेत. फुप्फुसे लोहचुंबकाने बसतात आणि ती सोय उत्तम आहे. हृदय मात्र बारीक खुंट्यांवर बसते आणि वर्गातल्या अनेक हातांत त्या खुंट्या सैल होतात. भागांवरचे क्रमांक सुवाच्य आहेत.

भाग सुटे करून शिकवण्याची कल्पना तशी जुनी आहे. फ्लॉरेन्समधले मेणाच्या शरीरप्रतिकृतींचे संग्रहालय १७७५ मध्ये लोकांसाठी खुले झाले, पण मेण हाताळता येत नसे. एकोणिसाव्या शतकात लुई ओझू या फ्रेंच वैद्याने कागदाच्या लगद्यापासून, पुन्हा पुन्हा उघडता-जोडता येतील अशा प्रतिकृती बनवल्या, आणि शिकणाऱ्याचा हात प्रथमच मुक्तपणे आत पोहोचला. आज मोबाइलवर आणि संगणकावर छातीची त्रिमितीय चित्रे फिरवून पाहता येतात, आणि त्यांत या प्रतिकृतीने गाळलेले सर्व मज्जातंतू सापडतात. तरीही पडद्यावर अवयवाला वजन नसते आणि हृदय बाहेर काढताना कशाकशाला धक्का लागतो, हे तिथे बोटांना कळत नाही. म्हणून दोन्ही एकत्र वापरावे असे माझे मत आहे.

ज्या संस्थेला पिंजरा, श्वसन आणि हृदयाची अंतर्रचना शिकवायची आहे, तिने ही प्रतिकृती निःशंक घ्यावी. वैद्यकीय पदवीच्या किंवा क्ष-किरण तंत्रज्ञांच्या वर्गासाठी ती एकटी पुरणार नाही; त्यांनी आडव्या छेदांच्या थाळ्या सोबत असलेला संच शोधावा, आणि त्यातली निदान चौथ्या, सहाव्या आणि आठव्या मणक्यांच्या पातळीवरची थाळी स्वतः तपासून घ्यावी. जे ही प्रतिकृती आधीच वापरत आहेत त्यांना माझी पद्धत सुचवतो. पिवळ्या रंगाची बारीक, आवरण असलेली विजेची तार घेऊन फ्रेनिक मुळाच्या पुढून आणि व्हेगस मागून बसवता येतो. डावीकडच्या तारेला कमानीखाली वळवून वर नेले की स्वरयंत्राची शाखा तयार होते. निळी जाडसर तार उजव्या फुप्फुसावरच्या खोबणीच्या मापाने वाकवून ऊर्ध्व महाशिरेच्या मागे टेकवली की अझायगस आपल्या जागी बसते, आणि पांढरा दोरा तिच्या व महाधमनीच्या मधून नेऊन वर डावीकडे वळवला की लसीकावाहिनी होते. तारा चिकटवू नयेत. विद्यार्थ्यांना त्या प्रत्येक वेळी काढून नव्याने बसवायला लावाव्यात, आणि बसवताना ती तार कोणाच्या पुढून वा मागून गेली ते मोठ्याने म्हणायला सांगावे.